हातात ताकद आली, आता डोक्याचं काय?

मागच्या महिन्यात या सदरात अर्धांगवायूनंतर घरी करायच्या व्यायामांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये एकच काळजी निरनिराळ्या शब्दांत दिसली. माणूस उठायला-चालायला लागला, पण त्याची बुद्धी पूर्वीसारखी चालत नाही. शरीराची ताकद आणि डोक्याचं काम यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, असं बहुतेकांनी विचारलंय. आहे, आणि तो घरोघरी समजला जातो त्यापेक्षा बराच जवळचा आहे. त्यातली काही पत्रं आज घेते.

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे. एसटीत कंडक्टर होते. सव्वा वर्षापूर्वी डाव्या अंगाला लकवा मारला. आता काठी घेऊन अंगणात फिरतात, डाव्या हाताने पेला धरतात. बोलणं स्वच्छ आहे, जुन्या गोष्टी सगळ्या आठवतात. पण आंघोळीला बसले की तांब्या भरून घेतात आणि तसेच बसून राहतात. दुकानात पाठवलं तर पाचशेच्या नोटेतून किती परत घ्यायचे ते कळत नाही. ज्या माणसाने चालत्या गाडीत उभं राहून आयुष्यभर हिशेब केले, त्याचं हे पाहवत नाही. डॉक्टरांनी घेतलेल्या चाचणीत ३० पैकी १९ गुण आले. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, आता पायांची ताकद वाढवू, डोक्यालाही फायदा होईल. भाऊ म्हणतो, दुखणं डोक्याचं आणि वाळूच्या पिशव्या पायाला, याला काय अर्थ आहे? कोणाचं ऐकायचं? — एक वाचक भगिनी, कराड

ताई, फिजिओथेरपिस्टचं ऐका. भावाची शंका मात्र रास्त आहे आणि तिला नीट उत्तर मिळायला हवं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वडिलांना नेमकं काय होतंय ते पाहू. तांब्या हातात घेऊन थांबणं आणि सुट्ट्या पैशांचा घोळ, यातलं काहीच विसरभोळेपणात मोडत नाही. पुढची पायरी ठरवणं, दोन गोष्टी एकदम डोक्यात धरणं, एक काम सोडून दुसऱ्याकडे वळणं, आणि हे सगळं वेळेत करणं, यासाठी मेंदूचा पुढचा भाग लागतो. त्याला बाकीच्या मेंदूशी जोडणारं तंतूंचं जाळंही लागतं. अर्धांगवायूनंतर पुष्कळदा आठवणी शाबूत राहतात आणि हेच काम ढेपाळतं. घरच्यांना ते ओळखू येत नाही. नातवंडांची नावं बरोबर सांगणारा, आरती तोंडपाठ म्हणणारा माणूस आंघोळ अर्धवट सोडतो तेव्हा ‘मुद्दाम करतात’, ‘हट्टी झालेत’ असं बोललं जातं. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण घरात कोणी म्हणत असेल तर त्याला हे वाचून दाखवा.

३० गुणांची ती चाचणी बहुधा ‘मोका’ असावी. आकडे आणि अक्षरं आलटून पालटून जोडायची, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणारं घड्याळ काढायचं, शंभरातून सात-सात वजा करत जायचं, असं तिचं स्वरूप असतं. २६ किंवा त्याहून जास्त गुण असले तर ठीक मानतात. शिक्षण बारावीपर्यंत किंवा त्याहून कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. तो दिला होता का, विचारून घ्या. तरीही १९ म्हणजे लक्ष घालायलाच हवं.

आता ताकद. अर्धांगवायूनंतर ज्यांचे स्नायू जास्त कमजोर राहतात, त्यांचे विचारशक्तीच्या चाचण्यांतले गुणही कमी असण्याकडे कल दिसतो. याचा अर्थ कमजोर पायामुळे बुद्धी मंदावली, असा सरळ काढू नका. मेंदूतलं एकच मोठं नुकसान दोन्ही बिघडवू शकतं. वर्षानुवर्षांच्या बीपी आणि शुगरने बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या असतील तर त्याचा फटका चालण्याला आणि विचार करण्याला, दोन्हीला बसतो. शिवाय ज्याला पुढची पायरी सुचत नाही तो माणूस हालचालच कमी करतो, आणि मग स्नायू आणखी झडतात. म्हणजे हा संबंध दोन्हीकडून आहे. मला त्यातली आशेची बाजू महत्त्वाची वाटते. मेंदूतला मेलेला भाग आपण परत आणू शकत नाही, पण स्नायू ६४ व्या वर्षी वाढतात, ७८ व्या वर्षीही वाढतात.

ते वाढले तर डोक्याला काय मिळतं? वडिलांना चालताना हाक मारून पाहा. उत्तर द्यायला ते थांबतात का? १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी वृद्धांच्या निवासात हीच साधी गोष्ट पाहिली होती. ५८ जणांपैकी १२ जण चालता चालता बोलायला थांबले, आणि त्या १२ पैकी १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. पाय कमजोर असले की प्रत्येक पावलावर डोळा आणि डोकं ठेवावं लागतं, मग बोलण्याला, हिशेबाला, रस्ता पाहायला लक्ष उरत नाही. पाय भक्कम झाले की त्यातलं काही लक्ष मोकळं होतं. दुसरं असं, की जोर लावणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो आणि नियमित व्यायामाने बीपी उतरतं. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचे मोठे शत्रू हेच दोन. आणि मेहनत करताना शरीरात अशी काही द्रव्यं वाढतात जी मेंदूच्या पेशींना जगायला आणि नव्या जोडण्या करायला मदत करतात. ही शेवटची गोष्ट मुख्यतः प्राण्यांवरच्या आणि निरोगी माणसांवरच्या अभ्यासांतून कळली आहे, म्हणून तिच्यावर मी फार भर देत नाही.

भावाला पुरावा हवा असेल तर तोही आहे. २०१७ मध्ये १४ अभ्यास एकत्र करून, अर्धांगवायू झालेल्या ७३६ जणांचा आढावा प्रसिद्ध झाला. व्यायाम करणाऱ्यांची विचारशक्ती न करणाऱ्यांपेक्षा सुधारली होती. दम वाढवणारा आणि ताकद वाढवणारा, असे दोन्ही व्यायाम एकत्र केलेल्यांना सगळ्यात जास्त लाभ झाला. झटक्याला दोन-अडीच वर्षं होऊन गेलेले लोकही त्यात होते. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये टेरेसा लिऊ-अँब्रोस या स्वतः फिजिओथेरपिस्ट असलेल्या संशोधिकेने केलेला अभ्यास २०२२ मध्ये आला. झटक्याला किमान वर्ष झालेले १२० जण घेतले. एका गटाने आठवड्यातून दोनदा ताकद, दम आणि तोल यांचा कसून व्यायाम केला, दुसऱ्याने बुद्धीचे खेळ आणि गप्पा-भेटी केल्या, तिसऱ्याने हलकं ताणणं वगैरे केलं. सहा महिन्यांनी तिसऱ्या गटाशी तुलना केली तेव्हा विचारशक्तीच्या चाचणीत सरस ठरला तो व्यायामाचा गट. म्हणून वडिलांना फक्त मोबाइलवरची कोडी देऊन खुर्चीत बसवू नका. फायदा जादूसारखा नसतो, मध्यम असतो. १९ चे २९ होत नाहीत. पण तांब्या हातात धरून बसणारा माणूस आंघोळ आपली आपण पुरी करू लागणं, हे माझ्या दृष्टीने फार मोठं काम आहे.

आता करायचं काय. पहिला व्यायाम खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा. जेवणाच्या टेबलाची असते तशी, न हलणारी, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. वडिलांना पुढच्या अर्ध्या भागावर बसू द्या. दोन्ही टाचा गुडघ्यांच्या जरा मागे. इथे नीट पाहा: बहुतेक पेशंट नकळत चांगला पाय मागे घेतात, लकव्याचा पाय पुढे सोडतात आणि सगळं वजन चांगल्या पायावर टाकून उठतात. दिसायला उठणं छान दिसतं, पण डावी मांडी काहीच काम करत नाही. म्हणून डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर मागेच ठेवायला लावा. मग कमरेतून पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईपर्यंत, आणि तिथून वर. बसताना धपकन नाही, तीन-चार अंक मोजत हळू. मांडीचा खरा कस बसतानाच लागतो. तुम्ही त्यांच्या डाव्या बाजूला उभ्या राहा. बगलेत हात घालून वर ओढू नका, डावा हात धरून तर नाहीच. लकव्याच्या बाजूचा खांदा ओढल्याने निखळतो आणि मग महिनोन्महिने दुखतो. आधार द्यायचाच तर कमरेला पट्टा बांधून तो धरा.

दहा ते पंधरा वेळा उठबस, मग विसावा, मग पुन्हा. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत. सहज जमू लागलं की खुर्ची बुटकी करा किंवा छातीशी धान्याची पिशवी धरायला द्या. असा ताकदीचा व्यायाम आठवड्यात दोन ते तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. बाकीच्या दिवशी दम लागेल इतपत चालणं. मांड्यांबरोबर पोटऱ्यांसाठी ओट्याला धरून टाचा उचलणं, नितंबांसाठी ओट्याला धरूनच पाय बाजूला नेणं. वाळूच्या पिशव्या अर्ध्या किलोपासून सुरू करा. सुरू करण्यापूर्वी हृदयाची तपासणी आणि बीपीची मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घ्या. जोर लावताना श्वास कोंडायचा नाही, त्याने बीपी झपकन चढतं. मोठ्याने आकडे मोजत उठायला लावा, म्हणजे श्वास कोंडलाच जात नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, तोंड वाकडं झालं किंवा बोबडी वळली तर व्यायाम तिथेच थांबवा आणि दवाखाना गाठा. नव्या झटक्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आणि ते कंडक्टर होते, हे आपलं मोठं भांडवल आहे. उठबस अंगवळणी पडली की तिच्यात डोक्याचं काम मिसळा. उठताना एक थांबा, बसताना पुढचा: कराड, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, चिपळूण. ते जमलं की उलट, चिपळूणहून कराड. मग दोन फुल, एक हाफ, शंभराची नोट, परत किती? आधी बसून, मग उभं राहून ओट्याला धरून, आणि अगदी शेवटी चालताना, तेही घरात. रस्त्यावर नको.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण लकवा डाव्या बाजूचा आहे म्हणून विचारते. जेवताना ताटातली डावी बाजू तशीच राहते का? भाजी-आमटी संपते आणि चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड जागच्या जागी राहते, असं होत असेल तर डाव्या बाजूकडे त्यांचं लक्षच जात नसावं. नोटा मोजताना, दारातून जातानाही मग चुका होतात. फिजिओथेरपिस्टना हे जरूर सांगा, त्याचे व्यायाम वेगळे असतात.

प्रश्न : मुलाने हाताची पकड मोजायचं मशीन मागवलं. माझं वय ५९. दोन वर्षांपूर्वी सौम्य झटका आला होता. उजव्या हाताची पकड १७ किलो, डाव्याची २१. वाचलं की पकड कमी म्हणजे पुढे स्मृतिभ्रंश. तेव्हापासून दिवसभर स्पंजचा बॉल दाबत असतो. किती वाढली पाहिजे? — एक वाचक, नाशिक

दादा, बॉल बाजूला ठेवा आणि भीतीही ठेवा.

पकडीचा आकडा महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांची पकड मोजून काही वर्षं त्यांचा मागोवा घेतला गेला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. पकड दर ५ किलोंनी कमी असलेल्यांत मृत्यूची शक्यता १६ टक्क्यांनी जास्त होती आणि अर्धांगवायूची ९ टक्क्यांनी. आशियाई लोकांसाठी तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलेली खालची मर्यादा पुरुषांना २८ किलो आणि स्त्रियांना १८ किलो आहे. म्हातारपणी पकड कमी असणाऱ्यांत विचारशक्तीची घसरण जास्त दिसते, हेही खरं.

पण हे सगळे आकडे पकडीकडे साऱ्या शरीराच्या ताकदीची खूण म्हणून पाहतात. थर्मामीटर गार पाण्यात बुडवला म्हणून ताप उतरत नाही. बॉल दाबून मुठीचे स्नायू थोडे वाढतील, आकडा १९ होईल, पण तुमच्या मांड्या, पाठ आणि दम होते तिथेच राहतील. तुमच्या उजव्या हातावर तर झटक्याचा सरळ परिणाम आहे, त्यामुळे त्याचा आकडा सर्वसाधारण कोष्टकाशी ताडूच नका. तुमच्या एकूण ताकदीचा अंदाज चांगल्या, म्हणजे डाव्या हातावरून घ्या. २१ म्हणजे कमी आहे, आणि त्याचा अर्थ सगळ्या अंगाला व्यायाम आणि पुरेसं खाणं हवं, एवढाच घ्या. स्मृतिभ्रंशाचं भाकीत त्यात नाही.

बॉलबद्दल आणखी एक. लकव्यानंतर अनेकांची बोटं आत वळतात, मूठ मिटलेली राहू पाहते. अशा हाताला मूठ मिटायचं आणखी शिक्षण नको असतं, उघडायचं हवं असतं. बोटं ताठर होत असतील तर तासन्‌तास बॉल दाबणं बंद करा. त्याऐवजी उजव्या हाताने मटार सोला, शेंगा फोडा, वाटीतून वाटीत एकेक शेंग टाका. धरणं सोपं असतं, वेळेवर सोडणं अवघड, आणि त्या सोडण्यातच मेंदूचं काम जास्त आहे. घरच्या घरी मोजायचंच असेल तर खुर्चीवरून हात छातीशी बांधून पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात ते महिन्यातून एकदा मोजा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पायांची ताकद कमी धरतात. हा आकडा सुधारला तर मला पकडीपेक्षा जास्त आनंद होईल.

खाण्याचं विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण स्नायू हवेतून तयार होत नाहीत. भारतीय प्रौढांसाठी रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं ठरवून दिली आहेत. उतारवयात आणि आजारातून उठताना १ ते १.२ ग्रॅम असावीत, असं बहुतेक तज्ज्ञ म्हणतात. ६० किलोच्या माणसाला म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम. भाकरी-भाजी आणि पातळ आमटीवर एवढी होत नाहीत. घट्ट वरण, उसळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडी-मासे, आणि हे तिन्ही वेळच्या खाण्यात वाटून. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

प्रश्न : आईला वीस दिवसांपूर्वी झटका आला. पहिले दोन दिवस आयसीयूत होती. शेजारच्या काकू म्हणतात, पहिल्याच दिवशी उभं करून चालवलं असतं तर डोकं असं भ्रमिष्ट झालं नसतं. कोणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतंय. आम्ही वेळ घालवला का? — एक वाचक, चिपळूण

नाही घालवला. हे ओझं मनावरून उतरवा. २०१५ साली ऑस्ट्रेलिया, ब्रिटनसह पाच देशांतल्या २१०४ पेशंटवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. झटक्यानंतर २४ तासांच्या आत वारंवार आणि जास्त वेळ अंथरुणाबाहेर काढलेले पेशंट तीन महिन्यांनी नेहमीच्या पद्धतीने उठवलेल्यांपेक्षा किंचित मागेच होते. घाई उपयोगी पडली नाही.

पहिल्या दिवसांतला गोंधळ, रात्रीचं बरळणं, माणसं न ओळखणं, हे आजाराच्या धक्क्याने, तापाने, झोप मोडल्याने होतं आणि अनेकांत निवळतं. एकदम वाढलं तर डॉक्टरांना लगेच कळवा. बुद्धीची खरी परीक्षा तीन महिन्यांनी घ्यायची, आत्ताच्या गुणांवर काही ठरवू नका. कबुतराचं रक्त लावू नका. त्याने नस उघडत नाही, मुका जीव जातो आणि आईच्या व्यायामाचा वेळही जातो. पहिले तीन महिने शरीर सगळ्यात वेगाने सावरतं, त्यातले दोन तुमच्या हातात आहेत. थोडं थोडं पण दिवसातून अनेकदा: बसवणं, उभं करणं, चार पावलं. जेवण अंथरुणावर भरवू नका, खुर्चीत बसवून तिचा हात तिला घास घेऊ दे.

प्रश्न : मिस्टर ५२ वर्षांचे. उजवा हात अजिबात हलत नाही, बोलणंही गेलंय, एखाद-दुसरा शब्द येतो. बुद्धीच्या चाचणीत ३० पैकी ६ गुण. ताकदीचा व्यायाम करायला हातच नाही, मग हे सगळं आमच्यासाठी नाही ना? — एक वाचक भगिनी, सोलापूर

ताई, तुमच्यासाठीही आहे.

त्या ६ गुणांवर विश्वास ठेवू नका. ती चाचणी बोलून, ऐकून आणि वाचून द्यायची असते. ज्याची भाषाच गेली आहे तो हुशार असला तरी नापास होतो. तुम्ही वेगळं पाहा: चहाला साखर जास्त झाली तर ते खुणेने सांगतात का? पत्त्यांचा डाव मांडतात का? स्वतःचा शर्ट निवडतात का? त्यांची समज तिथे दिसेल. भाषेवर काम करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून भाषा वगळून होणाऱ्या चाचण्या करून घ्या.

हात हलत नसला तरी दोन पाय, पाठ, पोट आणि डावा हात आहे, आणि मोठे स्नायू पायांतच असतात. कराडच्या ताईंना सांगितलेली उठबस तुम्हालाही तशीच लागू. शिवाय एक गोष्ट सांगते जी ऐकून पेशंटचे डोळे चमकतात. चांगल्या बाजूला कस लावून व्यायाम दिला तर दुसऱ्या बाजूच्या त्याच स्नायूंची ताकदही थोडी वाढते, कारण ताकदीचा अर्धा कारभार मेंदू आणि नसांमध्ये चालतो. अर्धांगवायूच्या पेशंटमध्येही हे मोजून पाहिलेलं आहे. म्हणून डाव्या हाताने थेराबँड, म्हणजे व्यायामाची ताणली जाणारी रबरी पट्टी, ओढायला द्या. त्या वेळी उजवा हात टेबलावर, त्यांना दिसेल असा ठेवा. आणि सूचना शब्दांनी देऊ नका, समोर बसून करून दाखवा. बोलणं न कळणारा माणूस बघून पटकन शिकतो.

प्रश्न : सासऱ्यांना सगळं सांगून झालं. फिजिओथेरपिस्ट आले की डोळे मिटून पडून राहतात. रडत नाहीत, चिडत नाहीत, नुसते बसतात. आधी पहाटे उठून शेतावर जाणारा माणूस. आळस एवढा कसा आला? — एक वाचक भगिनी, बार्शी

हा आळस नाही. झटक्यानंतर काहींच्या मेंदूतली सुरुवात करण्याची शक्तीच मंदावते. इच्छा असते, पण ‘चला, उठूया’ हा धक्का आतून मिळत नाही. अशा माणसाला ‘तुम्ही प्रयत्नच करत नाही’ म्हणणं फार क्रूर आहे. नैराश्यही असू शकतं. अर्धांगवायू झालेल्या साधारण दर तिघांत एकाला ते गाठतं. दोन्ही गोष्टी वरवर सारख्या दिसतात, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. झोप, भूक, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतलं मन, हे सगळं सांगा. नैराश्यावर औषधं आहेत आणि ती घेतल्यावर व्यायामाला हात घालणारे पेशंट मी पाहिले आहेत.

तोवर आतला धक्का बाहेरून द्या. ‘व्यायाम कराल का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘नको’ असंच येतं. रोज ठरलेल्या वेळी, चहा झाला की लगेच, खुर्ची समोर आणा, तुम्ही स्वतः शेजारच्या खुर्चीवर बसा आणि ‘एक’ म्हणून उठा. पुष्कळदा माणूस सोबत उठतो. शक्य असेल तर व्यायाम कामाच्या रूपात द्या: पाण्याची अर्धी बादली झाडांपर्यंत नेणं, गोठ्यात वैरण टाकणं, ज्वारीची पाटी एका हाताने ओढत आणणं. शेतकऱ्याच्या हाताला थेराबँडची ओळख नसते, पाटीची असते. सोबत धाकटं माणूस ठेवा, जमीन ओली नको, पायात पट्ट्याची चप्पल असू द्या. आणि बार्शीच्या ताई, पहिले पंधरा दिवस फक्त पाच वेळा उठबस झाली तरी तेवढ्यावर थांबा, वाढवू नका. पुढच्या पत्रात औषधांची नावं आणि बीपीचे आठवड्याचे आकडे कळवा, म्हणजे पुढचं सांगता येईल.